ढोल बांधलेलं गाव

लोक घाट चढून देशावर जातात ते हवापालट करायला, नाहीतर आळंदीला माथा टेकायला. मी गेलो तेल पुसायला. त्यामुळे या हकिकतीत देवळांची शिखरं आणि डोंगरामागचे सूर्यास्त फारसे भेटणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

मी मूळचा मालवणकडचा. नोकरी मुंबईला, तेलाच्या धक्क्यावर. बोटीतून तेल उतरवताना थोडंफार बंदरात सांडतंच. ते पसरायच्या आत अडवायचं आणि उचलायचं, हे माझ्या टोळीचं काम. धक्क्यावर क्रेनचा, भोंग्यांचा आणि वाऱ्याचा असा काही गोंगाट असतो की माझा आवाज कायमचा वरच्या पट्टीत जाऊन बसला आहे. घरात जेवताना मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडून बघतात, भांडण कुठं लागलं म्हणून. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण ज्या गावाची ही गोष्ट आहे तिथं पहिली अडचण माझ्या आवाजाचीच झाली.

दसरा होऊन एक-दोन दिवस झाले होते. साहेबांनी बोलावून सांगितलं की चिंचवडच्या पुढे माळावर जो नवा कारखाना उभा राहिलाय, त्याचा तेलाचा पाइप फुटलाय. तिथले बॉयलर क्रूड तेलावर चालायचे. तेल आगगाडीच्या टाक्यांतून सायडिंगला यायचं आणि तिथून पाइपातून माळावरून कारखान्यात जायचं. वाटेत एक ओढा होता. तेल ओढ्यात उतरलं होतं आणि ओढा पुढे एका गावच्या तळ्यात जात होता. साहेबांनी माझ्यासमोरच ट्रंक कॉल लावला आणि कारखान्याच्या इंजिनिअरना सांगितलं, "आमची माणसं पोचेपर्यंत एकच करा. रस्त्याखालची मोरी बुजवून टाका. तेल अलीकडेच थांबेल." सल्ला अगदी योग्य होता. मीही तोच दिला असता. मी निर्धास्तपणे सामान बांधायला लागलो.

घाटावर

घाटातल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ट्रक तापला, आम्ही थांबलो, तो निवाला, आम्ही निघालो. मागे भाताचा पेंढा, लाकडाचा भुसा, बांबू, सुंभाचे दोर आणि माझी माणसं एकावर एक रचलेली होती. घाट संपल्यावर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसली तेव्हा मला जरा धीर आला. आमचा ड्रायव्हर लक्ष्मण साताऱ्याकडचा. तो हसला.

"ह्यो मावळ हाय, परबभाऊ. डोळं भरून बघून घ्या. तळेगाव सोडलं की भात संपला. मग भाकरी."

पिंपरीला आम्ही रिकामे डबे घ्यायला थांबलो. पाण्यावरचं तेल उपसायला तुपाच्या डब्यांसारखं दुसरं साधन नाही. स्टेशनजवळ सिंधी निर्वासितांची वस्ती आहे. तिथल्या एका दुकानदारानं आम्हाला काय हवं ते विचारायच्या आधीच एकेक भाजलेला पापड आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात, यांच्याकडे पापडपाणी. मी डब्यांचा विषय काढला तर तो म्हणाला, "पहले पानी, साईं. काम कहीं भागा नहीं जाता." स्वतःचं घरदार मागे टाकून आलेला माणूस, आणि दारात आलेल्याला पाणी विचारायचं विसरला नव्हता. पुढे त्या गावात राहिल्यावर मला त्याची पुष्कळदा आठवण झाली.

चिंचवड

कारखान्याचे इंजिनिअर दामले पुण्याचे. सडपातळ, घामाघूम आणि दोन रात्री न झोपलेले. त्यांनी आमची वाट बघत नुसते हात चोळले नव्हते. फुटल्याचं कळताच पाइप बंद केला होता, फुटलेला सांधा उघडा करून ठेवला होता. फक्त पाइपात आधीच असलेलं आणि मातीत मुरलेलं तेल ओढ्यात झिरपत होतं. ते किती, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

दामलेवहिनींनी दारातच सांगितलं, "आधी मोरीत जाऊन हातपाय धुवा. पानं घेतलीच आहेत." मुंबईत काय आणि पुण्यात काय, मोरी म्हणजे घरातली धुण्याभांड्यांची जागा. मी मोरीत पाय धुतले आणि पाटावर बसलो. पिठलं, भाकरी, कांदा, आणि माझ्याकडे बघून दया आली म्हणून की काय, मूदभर भात. मी तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "आणि ती मोरी?"

"बंद करवली," दामले म्हणाले. "तुमच्या साहेबांचा फोन आला त्याच घटकेला पहारेकऱ्याला गावात पिटाळलं. म्हटलं, गावकऱ्यांना सांग, मोरी बंद करा आणि तेल अडवा. त्यांनी लगेच केलीसुद्धा. लोक चांगले आहेत हो."

मी आणखी एक भाकरी घेतली. अशा वेळी पोटभर जेवलो याची आजही लाज वाटते, पण जेवलो हे खरं.

जेवण उरकून निघालो. चाकणकडे जाणारा रस्ता सोडून निघोज्याच्या बाजूला एक बैलगाडीची वाट फुटते, तिच्यावर तो ओढा आडवा येतो. रस्त्याखाली दगडी नळ घातलेला आहे. मी ट्रकमधून उतरून खाली वाकून पाहिलं आणि माझा हात कपाळावर गेला. नळ सताड उघडा होता. काळ्या तेलाची साय धरलेलं पाणी त्यातून खुशाल पलीकडे चाललं होतं. एक दगड, एक पोतं, मूठभर मातीसुद्धा कुणी तिथं टाकली नव्हती.

मी दामल्यांच्या नावानं जे काही ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग आम्ही मातीची पोती भरली, नळाचं तोंड वरच्या अंगानं बुजवलं आणि खालून नुसतं पाणी जाईल अशी वाट ठेवली. मागे तेल साठलं. काम फारसं अवघड नव्हतं. ते दोन दिवस आधी झालं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

पाणवडी

गावाचं खरं नाव मी देत नाही. पाणवडी म्हणू या. वेशीवर मोठा वड आहे. तिथं रस्त्यात चार म्हशी उभ्या होत्या, म्हणून लक्ष्मणनं भोंगा वाजवला. आमच्या ट्रकचा भोंगा म्हणजे सात गावांना जाग आणणारा. त्यासरशी ओट्यावर बसलेले म्हातारे उभे राहिले. दारादारांतून बाया बाहेर आल्या. कुणी रागावलं नाही, कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी फक्त आमच्याकडे पाहिलं. एका बाईनं तर ओठावर बोट ठेवलं, घरात बाळ नुकतं निजलंय असं सांगावं तसं.

"काय झालं?" मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं. ती बाई दचकली.

मग पन्नाशीचा एक उंच माणूस पुढे आला. त्याचं नाव सोनबा. तळ्याची राखण त्याच्या घराण्याकडे. तो इतका हळू बोलला की मला कान पुढे करावा लागला. "मोटार हितंच ऱ्हाऊ द्या, साहेब. आन् जरा दमानं बोला. गावात ढोल बांधलाय."

ढोल बांधलाय म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. त्या घटकेला मला मोरीची घाई होती. मी जमेल तेवढा आवाज खाली आणून विचारलं, "मोरी बंद करायचा निरोप आला नव्हता का तुम्हाला?"

"आल्ता की. येळंला आल्ता. तवाच बंद केली."

"कुठं बंद केली? मी आत्ता बघून येतोय, उघडी आहे!"

सोनबा गोंधळला. "उघडी? मी सोता फळी सोडलीया. चला, दावतो."

तो मला बांधावर घेऊन गेला. तळं माझ्यासमोर आलं. मला वाटलं होतं गावातलं एखादं डबकं असेल. ते अर्धा कोस पसरलेलं पाणी निघालं, कडेनं माणूसभर उंच लव्हाळा, मधेमधे बाभळी. आणि त्यावर पार मध्यापर्यंत तेल. सोनबानं बांधाच्या पोटातली जागा दाखवली. तिथून तळ्याचं पाणी शेतांना जातं आणि पुढे इंद्रायणीला मिळतं. तिथं लाकडी फळी खाली सोडून त्यानं वाट घट्ट बंद केली होती, वर चिखलानं लिंपलीही होती.

"ही बघा मोरी," तो म्हणाला.

"आणि रस्त्याखाली आहे ती?"

"ती व्हय? ती फरशी."

मी खाली बसलो. मुंबईहून निघताना 'रस्त्याखालची मोरी' होती. चिंचवडला तिची नुसती 'मोरी' झाली. आणि पाणवडीत मोरी एकच, तळ्याची. जिथून तेल आत येत होतं ते दार उघडं राहिलं, आणि पाणी बाहेर जायची वाट बंद झाली. दोन दिवस ओढा येत राहिला, पाणी चढत गेलं आणि तेलाला घेऊन लव्हाळ्यात शिरलं, जिथं एरवी त्या दिवसांत पाणी पोचत नाही.

"अहो, पण तुम्हाला कळलं नाही का, हे बंद केलं तर सगळं तुमच्याच तळ्यात साठेल म्हणून?"

"कळलं की."

"मग?"

सोनबानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "साहेब, खाली नदी हाय. नदीवर आळंदी हाय, कितीक गावं हायती. समदी तेच पानी पित्यात. आमाला वाटलं, कंपनी म्हनतीया, खाली जाऊ देऊ नगा, तुमच्यात ठिवा. पाटलानं गाव जमवलं. इचार केला. मग ठिवलं."

कुणाला तरी हा निरोप विचित्र वाटायला हवा होता. पण सगळ्या गावानं बसून विचार केला आणि दुसऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी घाण आपल्या पदरात घेतली. दामल्यांनी सांगितलं होतं ते खरंच होतं, लोक चांगले होते. मला त्या वेळी संतापायचं होतं, पण कुणावर ते सापडेना.

पाहुण्यांचं पाणी

आम्ही सोनबाच्या गोठ्याशेजारी मुक्काम केला. त्याची बायको हिराबाई, जिनं वेशीवर ओठावर बोट ठेवलं होतं तीच, तिनं बाजरीची भाकरी, हुलग्याचं कढत माडगं आणि मिरचीचा ठेचा असा बेत केला. घाम पुसत जेवलो. जेवताना तिनं ढोलाचं सांगितलं.

दिवाळीच्या सुमाराला या तळ्यावर उत्तरेकडून बदकं येतात, हजारांनी. गाव त्यांना बदकं म्हणत नाही, पाहुणे म्हणतं. दसऱ्याला सोनं वाटून झालं की सोनबाच्या हातानं गावचा ढोल धुवट कापडात बांधून देवळात टांगतात. तो सुटतो होळीला. मधल्या काळात गावात ढोल नाही, ताशा नाही, फटाके नाहीत, गुरांना हाळी नाही. तळ्यात मासा धरायचा नाही. बंदूक घेऊन आलेल्या साहेबांना पूर्वी कुणी हात जोडून परत पाठवलं, याच्या गोष्टी म्हातारे सांगतात. लग्नंसुद्धा मुकी होतात.

"माजं लगीन माघातलं," हिराबाई म्हणाली. "वऱ्हाड वाजत आलं ते येशीपातूर. तितनं समदी मुकाट. माजी आई रडली, म्हनली, पोरीला नांदायला नेत्यात का मयताला नेत्यात? माह्यारची मानसं आजून नावं ठिवत्यात."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "मला पाव्हन्यांचा आवाज आला. मांडवात बसल्या बसल्या. लई मोठा."

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या काठावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय समुद्रात जात नाहीत. तेव्हा पाणी पाळणं म्हणजे काय ते मला सांगावं लागलं नाही. फक्त आम्ही पाळतो ते आमच्या जिवासाठी आणि आमच्या माशांसाठी. यांना त्या बदकांकडून एक अंडंही मिळत नव्हतं.

सोनबानं जेवण झाल्यावर एकच विचारलं. "पाव्हनं यायच्या आत हुईल का साफ?"

"होईल," मी म्हटलं. दिवाळीला पंधरवड्याच्या वर अवकाश होता. मी बंदरात याहून मोठं काम याहून थोड्या वेळात केलं होतं. खोटं बोलायचा माझा हेतू नव्हता.

काम

आमची कामाची रीत सगळी ओरडण्याची. पेंढ्याचे भारे दोराला ओवून पाण्यावर लांबच लांब माळ सोडायची, दोन्ही टोकं ओढत तेल काठाला आणायचं. टोकं सारखी ओढली गेली नाहीत तर तेल मधून निसटतं. म्हणून मी काठावर उभा राहून "हेऽऽ डावीकडे! सैल सोड!" असं बोंबलत असतो. इथं ते बंद. पहिल्या दिवशी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. मग सोनबानं काठीला हिराबाईच्या जुन्या लुगड्याचा तांबडा तुकडा बांधून दिला. काठी डावीकडे झुकली की डावीकडे ओढायचं, खाली आली की थांबायचं. दोन दिवसांत माझी माणसं त्यात तयार झाली. मी मात्र कुजबुजून कुजबुजून घसा बसवून घेतला.

"परबवैनीला हे गाव दावायला पायजे," लक्ष्मण कुजबुजला. "न्हाईतर बिऱ्हाडच हितं आणा."

सगळं गाव पाण्यात उतरलं. बाया डब्यांनी तेल उपसायच्या, पुरुष खड्डे खणून तेलकट पेंढा जाळायचे. पेंढा संपला तेव्हा मी आणखी मागितला आणि लोकांनी कडब्याच्या पेंढ्या आणून टाकल्या, गुरांच्या वर्षभराच्या वैरणीतल्या. कडबा तेल पीत नाही, हे त्यांना सांगणं माझ्या जिवावर आलं. दामलेही रोज येऊ लागले. जोडे काढून, धोतर खोचून तेही उभे राहायचे. एकदा नुसतं "मोरी म्हणजे मोरी, नाही का हो," असं म्हणाले आणि पुन्हा डबा भरायला वाकले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं.

सहा-सात दिवसांत मोकळं पाणी स्वच्छ झालं. संध्याकाळी त्यात आभाळ दिसायला लागलं. गाव खूश होतं. पण सकाळी उठून पाहावं तर पुन्हा साय धरलेली. ती लव्हाळ्यातून येत होती. चढलेल्या पाण्यानं तेल लव्हाळ्याच्या पातीपातीला लावून ठेवलं होतं. मोकळं पाणी साफ झाल्यावर आम्ही मोरी थोडी उघडून पाणी खाली आणलं तसं ते बुंध्यात, चिखलात बसलं. वारा सुटला की थोडं थोडं बाहेर. बंदराला दगडी भिंत असते, ती घासता येते. अर्धा कोस लव्हाळा कसा घासणार? कापू लागलो, तर कापलेल्या जागेच्या चिखलातून आणखी तेल वर आलं.

सोनबा रोज संध्याकाळी विचारायचा, "हुईल का?" मी रोज "होईल" म्हणायचो, पण दर दिवशी जरा हळू. त्या गावात ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

पाहुणे

त्या वर्षी ते लवकर आले. कोजागरीनंतर सहाव्या सकाळी हिराबाई धावत आली. तिच्या ओच्यात एक बदक होतं. चार-पाच उतरली होती, त्यातली बाकीची उडाली, हे राहिलं. पिसं अंगाला चिकटून ते मुठीएवढं झालं होतं. हिराबाईनं रिठे उकळले, पाणी कोमट केलं आणि लहान मुलाचं डोकं धुवावं तसं त्याला धुतलं. सोनबानं चुलीपाशी धरून वाळवलं. ते चोचीनं पिसं साफ करायला लागलं तेव्हा ती दोघं हसली. मी हसलो नाही. धक्क्यावरचे समुद्रपक्षी मी पाहिलेले आहेत. वरचं धुता येतं, पण चोचीवाटे तेल पोटात जातं. दुपारपर्यंत ते गेलं.

हिराबाईनं त्याला परसात पुरलं. सोनबा माझ्याशेजारी येऊन बसला. "बाकीचं कवा येतील?" हे त्यानं मला विचारलं नाही, ते त्यालाच ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "तुमच्यात काय करत्यात?"

मला उत्तर माहीत होतं. बंदरात तेल सांडलं की आम्ही डबे बडवतो, पक्षी उतरू देत नाही. साधी गोष्ट आहे. पण ती त्या गावात सांगायची होती. मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "उतरू द्यायचे नाहीत. आवाज करून हाकलायचे."

सोनबा उठून देवळाकडे गेला.

त्या दिवशी ऊन कलल्यावर सगळं गाव बांधावर जमलं. कुणाच्या हातात थाळी, कुणाच्या हातात आमचे तुपाचे डबे. सोनबाच्या गळ्यात ढोल होता. कापड त्यानं नीट घडी करून खांद्यावर टाकलं होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग उत्तरेकडे एक काळी रेघ दिसली, तिच्यामागे दुसरी. पंखांचा आवाज आधी आला, मग ती डोक्यावर आली. मी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. वरून त्यांना काय दिसलं असेल? दरवर्षीचं पाणी, दरवर्षीची बाभळ, दरवर्षीची मुकी माणसं. ती पाय पुढे काढून खाली यायला लागली.

सोनबानं टिपरू मारलं. एकदा, मग पुन्हा. थाळ्या वाजल्या, डबे वाजले. बदकं दचकून वर गेली, तळ्याला फेरी घालून परत आली. त्यांना ते आपल्यासाठी आहे असं वाटलंच नसावं. पुन्हा ढोल, पुन्हा फेरी. लहान पोरांनी या दिवसांत कधी ढोल ऐकला नव्हता, ती आयांच्या पदरात शिरून रडायला लागली. तिसऱ्या वेळी थवा अगदी खाली आला आणि सोनबाचा हात थांबला. टिपरू वर, आणि तो वरच्या वर राहिला. "जावा," तो म्हणाला. "जावा की रं." पण कसा? त्याच्या त्याच हळू आवाजात. पन्नास वर्षं त्या पाण्याशी तो तसाच बोलत आला होता. दुसरा आवाज त्याच्या गळ्यात नव्हता.

मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, तुमचा आवाज मोठा हाय. तुमी वरडा."

मी ओरडलो. धक्क्यावर ओरडतो तसा, गावानं इतके दिवस दाबून ठेवलेला सगळा आवाज काढून ओरडलो. "जाऽऽ! हाऽऽड!" घसा फाटेस्तोवर. लक्ष्मण वेशीकडे पळाला आणि त्यानं ट्रकचा भोंगा दाबून धरला. थवा वर चढला, फुटला, पुन्हा एक झाला आणि भीमेच्या बाजूला निघून गेला. मी त्यानंतरही किती तरी वेळ ओरडत होतो. कुणी ओठावर बोट ठेवलं नाही. ते कुणीतरी ठेवावं असं मला फार वाटत होतं.

पुढे आठवडाभर हेच चाललं. रोज थवे यायचे, रोज लहान होत जायचे. मग एका संध्याकाळी आम्ही डबे घेऊन बांधावर उभे राहिलो आणि काहीच आलं नाही. काम फत्ते झालं असं म्हणायची आमच्यात पद्धत आहे. माझ्या टोळीतल्या कुणीही ते म्हटलं नाही.

परत

आम्ही निघालो ती दिवाळीच्या आधीची सकाळ होती. लव्हाळ्यात तेल होतंच. ते दोन पावसाळे तरी जाणार नाही, हे मी दामल्यांना सांगून ठेवलं आणि त्यांनी मान हलवली. हिराबाईनं वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. वर तांदळाची एक पुरचुंडी होती, कुठून तरी मावळातून मागवलेली. "तुमाला भात लागतो म्हनून," ती म्हणाली. मी ती दोन्ही हातांनी घेतली. खरं तर मी त्यांचं काहीच वाचवलं नव्हतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी सांभाळलं त्यांना हाकलायला मात्र शिकवून निघालो होतो.

सोनबाचा निरोप घ्यायला देवळात गेलो. तो जमिनीवर बसला होता. समोर ढोल, आणि ते धुवट कापड. कापडाची टोकं ओढून तो गाठ मारत होता.

"सोनबा, आता कशाला बांधता?" मी विचारलं. "ते गेले. आता या साली कोण येणार?"

त्यानं गाठ पक्की केली. उठून ढोल खुंटीला टांगला, हलतोय का ते पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळला.

"होळीला लई येळ हाय, साहेब," तो म्हणाला. "आन् जरा दमानं बोला."